भट्टीपाशी पाणी नको

दसरा तोंडावर आला की आमच्या इमारतीत रंगकाम निघतं. जिन्यात शिड्या आडव्या पडतात, बादल्या पायात येतात आणि घरभर त्या प्लॅस्टिक पेंटचा गोडसर, डोकं उठवणारा वास सुटतो. सगळ्यांना तो नवेपणाचा वास वाटतो. मला नाही वाटत. नव्या भिंतीला ओल्या चुन्याचा वास यायला हवा, ऊन-ऊन, नाकाच्या आतली कातडी ओढून घेणारा. मी असं म्हटलं की आमचे हे हसतात. "चुन्याचा वास पाहिजे म्हणतेस आणि चुन्याचा विषय निघाला की तोंड फिरवतेस. एकदा काय ते ठरव," म्हणतात. काय ठरवायचं, डोंबल. दोन्ही खरं आहे.

अश्विनातलं आभाळ मला बघवत नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारी घामाच्या धारा, आणि दिवस कलायला लागला की सिन्नरच्या अंगाला काळं धरून येतं. परतीचा पाऊस. शेजारच्या काकू गॅलरीतले कपडे काढायची गडबड करतात आणि मी दार लावून आत जाऊन बसते. खरं तर तिकडे आता भिजून वाया जाण्यासारखं काही उरलेलं नाही. आमची भट्टी मोडली. तिच्या जागेवर प्लॉट पडलेत, पांढऱ्या फक्कीनं आखलेले. ती फक्की कुठून येते देव जाणे, आमची नक्की नाही. आबा जाऊनही बरीच वर्षं झाली. तरी आभाळ आलं की दार लावायचं ते लावतेच.

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही लोणारी, चुना भाजणं हे घरचं काम. सिन्नरच्या पलीकडे, नदीच्या वरच्या बाजूला आमची भट्टी होती. दगडमातीची, गोल, छातीपेक्षा उंच, वरून उघडी. त्या भागात जमीन उकरा कुठंही, चुनखडी लागते. शेतकऱ्याला ती डोकेदुखी, आम्हाला ते पीक. ओढ्याकाठानं, माळानं पाट्या घेऊन हिंडायचं, करड्या-पांढऱ्या गाठी वेचायच्या, माती झाडायची, मोठ्या असतील त्या हातोडीनं फोडायच्या. मग भट्टीत एक थर लाकूड-कोळशाचा, एक थर चुनखडीचा, असं वरपर्यंत रचत जायचं. खालच्या तोंडातून पेटवली की ती आपली आपण दिवसचे दिवस जळत राहते. निवल्यावर खालून काढायची ती कळी, म्हणजे भाजलेला चुना. चुनखडी जड, कळी हलकी. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला दगडातून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटतं.

"कळी तहानलेली असती," आबा म्हणायचे. "हिला पाणी दावलं का ही पेटती." खरंच पेटायची. कळीवर पाणी टाकलं की आधी काहीच होत नाही. ती नुसती ऐकून घेते. मग एकदम तडकते, फुगते, वाफ सोडते, आणि बघता बघता विहिरीजवळच्या हौदातलं सगळं रटरट उकळायला लागतं. खाली जाळ नाही, काही नाही. लहानपणी मला ती जादू वाटायची. पुढे शाळेत बाईंनी काचेच्या नळीत चिमूटभर चुना घालून तोच प्रयोग दाखवला तेव्हा वर्गातली पोरं तोंड वासून बघत होती आणि मला हसू येत होतं.

तर आमच्या भट्टीचा पहिला नियम असा, की भट्टीपाशी पाणी नको. प्यायचा माठ लांब विहिरीजवळ, कडुनिंबाखाली. तहान लागली तर तिथवर जायचं, प्यायचं, हात-तोंड कोरडं पुसायचं, मगच परत यायचं. ओल्या हातानं कुणी कळीला शिवलेलं आबांना दिसलं तर त्याची खैर नसे. कळी काढायला बसायच्या आधी हातापायांना तेल चोळायचं. कुठं भाजलं, कुठं चिरलं, तर तूप लावायचं. तेल-तूप आपलं, पाणी वैरी. हे मला बाराखडीच्या आधी कळत होतं. आणि त्यात खोटं काही नव्हतं. घामेजल्या मानेवर कळीची पूड बसली की संध्याकाळपर्यंत चामडी सोलून निघायची. आबांच्या बोटांवर तर रेषाच उरल्या नव्हत्या. तलाठ्याकडे अंगठा द्यायची वेळ आली की नुसता शाईचा डाग उमटायचा, आणि तलाठी आबांकडेच संशयानं बघायचा.

हल्ली लोक चुन्याच्या भिंतींचं फार कौतुक करतात. नाशिकच्या बाहेर ती नवी नवी रिसॉर्टं झालीत, तिथं मुद्दाम चुन्याचा गिलावा करून घेतात. उन्हाळ्यात गार राहतो म्हणे. राहत असेल. मला एकदा यांच्या ऑफिसच्या मंडळींबरोबर तसल्या ठिकाणी जावं लागलं. एक बाई भिंतीला गाल लावून म्हणाल्या, किती शांत वाटतं नाही. मी म्हटलं हो. दुसरं काय म्हणणार होते? सगळीकडे तोंड उघडून चालत नाही.

ज्या हंगामाबद्दल मला सांगायचं आहे तो नव्वद सालानंतरचा. मी तेव्हा सिन्नरला कॉलेजात होते. आई मी शाळेत असतानाच गेली होती, घरात आबा, दादा आणि मी. आदल्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं आणि सुमनवहिनी घरात आली. ती निफाडकडची. तिच्या माहेरच्यांनी भट्टी केव्हाच सोडली होती, वडील द्राक्षबागेत कामाला होते. पाटाच्या पाण्यात वाढलेली मुलगी. तिला चुना ओळखीचा तो बोर्डोच्या पिंपापुरता, म्हणजे मोरचुदात चुना घालून बागेवर फवारतात ते औषध. आमच्याकडे आल्यावर पहिल्या आठवड्यातच मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडं तर पाण्याला वाळीत टाकलंय." मी आबांना सांगितलं. आबा हसले. ते फार कमी हसायचे.

तिच्या हातांना सवय नव्हती. दिवाळीच्या आत तळहातांना भेगा पडल्या, रक्त यायला लागलं. आबा संध्याकाळी चुलीच्या कडेला वाटीत खोबरेल ऊन करून ठेवायचे आणि काही न बोलता वाटी तिच्या ताटाशेजारी सरकवायचे. सुनेला तेल लावा म्हणणं त्यांना अवघड वाटत असणार. भट्टीवर वाऱ्याची बाजू आली की तिला उठवून दुसरीकडे बसवायचे. कळी कच्ची की पक्की हे ठोकून, आवाजावरून कसं ओळखायचं ते त्यांनी मला कधी शिकवलं नाही, तिला शिकवलं. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण वहिनीवर रागावणं जमायचं नाही. ती ताट वाढायला बसली की घर भरल्यासारखं वाटायचं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या अश्विनात पाऊस जायचं नाव घेईना. तिकडे निफाडकडे बागांची छाटणी होऊन गेलेली, कोवळी फूट निघालेली, आणि त्यावर रोज संध्याकाळी पाऊस. डावणी, म्हणजे वेलीवरची बुरशी, पडायची लक्षणं. बागाइतदारांचा जीव टांगणीला लागला. जो तो कळी मागायला येऊन बसायचा, बोर्डो मारल्याशिवाय बाग वाचत नाही म्हणायचा. आबांना भट्टी इतक्यात उघडायची नव्हती. "वर आभाळ हाय, माल काढला आन् भिजला तर?" पण लोक हटेनात. शेवटी एक दिवस सकाळपासून स्वच्छ ऊन पडलं आणि आबांनी भट्टीचं तोंड उघडलं. दादा, वहिनी, मी, आबा, सगळे लागलो. दुपारपर्यंत कळीचा ढीग बाहेर आला. शेजारी ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती.

आभाळ कधी भरलं ते कळलं नाही, एवढं मात्र आठवतं की वारा आधी आला. धुरळा, पालापाचोळा, आणि त्या मागोमाग बोरांएवढे थेंब. आम्ही ताडपत्री ओढली. एका टोकाला मी, दुसऱ्याला दादा. वाऱ्यानं ती आमच्या हातातून फडफडत सुटत होती. खालच्या बाजूचं टोक मोकळं होतं आणि तिथून पाण्याचा ओहोळ ढिगात शिरत होता. वहिनी त्या टोकावर धावली, गुडघे टेकून दोन्ही हातांनी ते जमिनीला दाबून धरलं. तोवर आत कळीनं पाणी प्यायला सुरुवात केली होती. ताडपत्री आतून फुगली. आबा ओरडले, "सुमन, लांब व्हय." ती मान वर करते तोवर कडेतून उकळत्या चुन्याची चिळकांडी उडाली ती थेट तिच्या तोंडावर.

ती किंचाळली नाही. उठून उभी राहिली, आणि तिनं तोंड वर केलं. पाऊस धो-धो कोसळत होता आणि ती तोंड वर करून, डोळे उघडायचा प्रयत्न करत उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. पाटाच्या पाण्यात वाढलेल्या मुलीला जे सुचायचं ते सुचलं. आबा धावत आले. त्यांनी डोक्यावरची गोणपाटाची खोळ काढून तिच्या डोक्यावर टाकली, तिचं तोंड आपल्या छातीत दाबून धरलं आणि तिला ओढत छपरात घेऊन गेले.

"आबा, आग होतीय. पाणी द्या."

"नाय पोरी. पाणी नको. पाणी लागलं का उकळंल. डोळं मिटून धर."

"पाणी द्या आबा, पाया पडते."

"नाय गं बाई, नाय," आबा म्हणत होते आणि रडत होते. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. दादा पळत जाऊन घरातून तुपाचं भांडं घेऊन आला. त्यानं तिचे हात धरले आणि आबांनी तिच्या दोन्ही डोळ्यांत बोटानं तूप घातलं, पुन्हा पुन्हा, घरातलं संपेपर्यंत. मी ताडपत्रीचं टोक धरून बाहेरच उभी होते, सोडलं असतं तर सगळा ढीग पेटला असता. माझ्या डोक्यावरून पाणी, पायाखालून पाणी, छपराच्या पागोळ्यांना धार लागलेली. सगळ्या गावावर पाणी पडत होतं.

ओढ्याला पूर आला, रस्ता तुटला. सकाळी जीप मिळाली. नाशिकच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर होते ते तरुण होते, आवाज चढवून बोलणारे नव्हते. तपासून झाल्यावर त्यांनी दादाला विचारलं, "पाणी मारलं नाही का लगेच?" दादा म्हणाला, "चुन्याला पाणी कसं मारणार साहेब? उकळतं ते." डॉक्टरांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. मग म्हणाले, थोडं पाणी चुन्याला तापवतं, ते खरं आहे. पण भरपूर पाणी त्याला धुऊन नेतं. पूड असली तर आधी कोरड्या फडक्यानं झटकायची आणि मग धूतच राहायचं, तांब्यावर तांब्या. तुपानं चुना आतच धरून ठेवला. डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आणि सावल्या कळतील, फार तर. वहिनी खाटेवर पट्ट्या बांधून पडली होती. तिनं सगळं ऐकलं.

मला त्या दिवसापासून एक गोष्ट सलते, ती अशी, की आबांचं ज्ञान खोटं नव्हतं. अर्धं होतं. आणि अर्धं ज्ञान जन्मभर उपयोगी पडलं की ते अर्धं आहे हे माणसाला कळणार कसं? आबांनी हजार वेळा थेंबभर पाण्यानं कळी फुटताना पाहिली होती. ओंजळभर पाण्यानं हात भाजलेले पाहिले होते. पण घडेच्या घडे ओतून कुणाचा डोळा धुतलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता, कारण भट्टीपाशी घडा कधी नव्हताच. खबरदारी म्हणून जे लांब ठेवलं, तेच औषध होतं. आणि वरून देवानं ते फुकट ओतलं, तर आम्ही तिला त्याच्याखालून ओढून नेलं. यावर मी देवाशीही भांडले आहे, आबांशीही मनातल्या मनात भांडले आहे. हाताला काही लागत नाही.

घरी परत यायच्या दिवशी एसटीत वहिनी खिडकीपाशी बसली होती. वाटेतलं शिंदे-पळसे मागे पडल्यावर ती दादाला म्हणाली, "आबांना सांगायचं नाही."

"काय?"

"पाण्याचं."

मी म्हटलं, "वहिनी, ते विचारतीलच."

"विचारू द्या. माझे डोळे काय परत येणार हायेत का? मग त्यांना कशाला मारायचं?"

आबा ओट्यावर बसून होते. शेजारीण म्हणाली, म्हातारा पाणी पिऊन राहिलाय, भाकरीला शिवत नाही. आम्ही अंगणात आलो तसे उठले, वहिनीच्या पट्टीकडे बघितलं आणि दादाला विचारलं, "काय म्हणला डाक्टर?" दादानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी वहिनी म्हणाली, "आबा, तूप घातलं म्हणून एवढं तरी राहिलं म्हणाले. नाहीतर दोन्ही जागच्या जागी गेले असते." आबा खाली बसले. तोंडावरून हात फिरवला. थोड्या वेळानं म्हणाले, "बेबे, भाकर वाढ." बेबी मी. मी वाढली. ते जेवले, आणि वहिनी भिंतीला टेकून त्यांच्या चावण्याचा आवाज ऐकत बसली. मला तेव्हा तिचं मन आभाळाएवढं वाटलं होतं. अजूनही वाटतं. फक्त आता मोठ्या मनाची मला थोडी भीती वाटते.

कारण आबा गप्प बसले नाहीत. बसतील कसे? त्यांच्या हातून सुनेचा एक डोळा का होईना वाचला होता, निदान त्यांना तसं वाटत होतं. त्या हिवाळ्यात ते बाजारच्या दिवशी सिन्नरला गेले की दुसऱ्या भट्टीवाल्यांना गाठायचे. "डोळ्यात गेलं तर पाण्याला शिवू नका. तूप घाला, लय तूप घाला. आमची सून वाचली." आजूबाजूच्या भट्ट्यांवर तुपाचं भांडं ठेवायची पद्धत पडली. हे सगळं ते घरी येऊन सांगायचे, वहिनीला बरं वाटावं म्हणून. वहिनी मान हलवायची. तिनं विड्या वळायला घेतल्या होत्या. पानं शेजारीण कापून द्यायची आणि ही बोटांनी चाचपत वळायची, दोरा बांधायची, गठ्ठा लावायची. आबा सांगायला लागले की तिच्या बोटांतली विडी सैल पडायची. मी बघायचे. दादा उठून बाहेर जायचा.

एकदा मी न राहवून तिला म्हटलं, "वहिनी, हे वाढत चाललंय."

ती म्हणाली, "कळतंय मला."

"मग?"

"रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. मग ते येऊन विचारतात, पोरी, आज काय दिसतंय का? त्यांचा आवाज ऐकला की मला बोलवत नाही."

मलाही बोलवलं नाही. घरातली तीन माणसं एकाच गोष्टीभोवती पाय जपून चालत होती, आणि चौथा माणूस ती गोष्ट बाजारात वाटत होता.

अजून मी भाऊबीजेला जाते तेव्हा वहिनी दारात असते. माझ्या चपलांचा आवाज तिला ओढ्यापलीकडून कळतो असं ती म्हणते, मला काही ते खरं वाटत नाही. आम्ही भाज्या निवडतो, दादाच्या बायपासच्या ऑपरेशनबद्दल बोलतो, माझ्या पोरांच्या मार्कांबद्दल बोलतो. त्या हंगामाबद्दल बोलत नाही. एकदाच मी विचारलं होतं, तुला राग नाही येत का गं? ती म्हणाली, "येतो की. न येऊन कसं चालंल? पण धरून बसायला कुणी समोर नाय." एवढंच. मग तिनं विचारलं की मेथी स्वस्त झाली का तिकडे.

वहिनीचे डोळे गेले त्या वर्षी भाताची कापणी झाल्यावर हरसूलकडून एक जोडपं आमच्याकडे कामाला आलं होतं. काळू आणि यमुना. पाऊस सुरू व्हायच्या आत परत डोंगरात जायचं, तोवर भट्टीवर राहायचं, असं त्यांचं ठरलेलं. यमुना माझ्याच वयाची असेल. वहिनीशी तिची गट्टी जमली होती. दुपारच्या सुट्टीत ती वहिनीच्या केसांतून फणी फिरवायची आणि आपल्या भाषेत काहीबाही गुणगुणायची, वहिनीला अर्धं कळायचं, पण ती हसायची. यमुनाचे डोळे राहिले, हे आत्ताच सांगून टाकते. एकात जरासं धूसर राहिलं, पण राहिले. उगाच कुणाचा जीव टांगून ठेवायला मला आवडत नाही. मला सांगायचं आहे ते वेगळं आहे.

वैशाख होता, हंगामातली शेवटची भट्टी. वारा भणभणत होता. यमुना कळीची पाटी डोक्यावर घेऊन निघाली आणि जुन्या पाटीचा तळ सुटला. सगळी पूड घामेजल्या तोंडावर. मी घराच्या दारात होते, वहिनी ओट्यावर विड्या वळत होती. काळूची हाक ऐकू आली, "मालक, तिच्या डोळ्यात गेलं." आणि लगेच आबांचा आवाज, "पाणी नको रे कुणी आणू. तूप आणा. बेबे, तूप आण."

वहिनीच्या मांडीवरची सुपली खाली पडली. ती उभी राहिली. "ताई, हंडा भरलेला हाय का?"

"आहे."

"तो घ्या. आन् माझा हात धरा."

"वहिनी," मी म्हटलं.

"हात धरा," ती म्हणाली.

मी कमरेवर हंडा घेतला, वर तांब्या पालथा घातला आणि दुसऱ्या हातानं तिला धरलं. त्या रस्त्यानं ती हंगामभर आली नव्हती, पण तिचे पाय अडखळले नाहीत. आम्ही पोचेतो आबांनी छपरातलं तुपाचं भांडं स्वतःच काढलं होतं. यमुना जमिनीवर लोळत होती, काळू तिच्याशेजारी गुडघ्यावर बसून नुसता हात हलवत होता. आबा तुपात बोट बुडवून तिच्यावर वाकले होते.

"आबा, थांबा," वहिनी म्हणाली. "काळू, कोरड्या कपड्यानं तोंड पूस तिचं. पूड सगळी झटक. ताई, हंडा खाली ठेवा."

आबांनी वर बघितलं. त्यांना हंडा दिसला. "पाणी? सुमन, तू येडी झालीस का? तुझ्याच टायमाला बघितलं ना आपण. मरंल ती."

"नाही मरणार. पाणीच मारायचं असतं. हंडेच्या हंडे."

"तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"कवा?"

"पहिल्याच दिवशी, आबा."

यमुना विव्हळत होती. आबा तसेच वाकलेले. उन्हानं पातळ झालेलं तूप त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मला वाटलं, ते आता खाली बसतील. ते बसले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी म्याच घालवलं."

काळू मुंडाशाच्या टोकानं यमुनाच्या तोंडावरची पूड झटकत होता.

"आन् मला जेवू घातलंस," आबा म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला. तिच्यावर तो कधीच चढला नव्हता. "माझ्या घासापायी ह्या बाईचं डोळं घालवत व्हतीस व्हय गं? गावोगाव सांगत हिंडलो मी. किती जणांना सांगितलं. एक सबूद बोलली नाय तू."

त्यांचं काही चुकत नव्हतं. वहिनीचंही काही चुकलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे, आणि दर अश्विनात ते मला थोडं कमी पटतं. मी तांब्या हंड्यात बुडवला आणि यमुनावर ओतायला वाकले. वहिनीनं चाचपत माझं मनगट धरलं, तांब्या काढून घेतला. ती खाली बसली. यमुनाचं डोकं मांडीवर घेतलं. एका हाताच्या बोटांनी तिच्या पापण्या फाकवून धरल्या आणि दुसऱ्या हातानं तो भरलेला तांब्या आबांच्या आवाजाच्या दिशेनं उचलून धरला.

"मला मग काय बोलायचं ते बोला, आबा," ती म्हणाली. "आधी ओता. कुठं ओतायचं ते मला दिसत नाय."

आबांनी तांब्या घेतला. पहिलं पाणी वहिनीच्या बोटांवरच गेलं. मग त्यांनी दुसऱ्या हातानं आपलं मनगट धरलं आणि ओतायला लागले.